हळद लागलेली प्रत

जहाजावर जाणाऱ्या माणसाला मी तीन गोष्टी सांगतो. किनारा सुटला की फोन विमान मोडवर टाकायचा, नाहीतर तो जहाजाच्याच उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि पुढच्या महिन्यात बिल बघून माणसाला वाटतं, पाण्यातच राहिलो असतो तर बरं. फोटोंचा बॅकअप बंदरात थांबल्यावरच घ्यायचा. भर समुद्रात जहाजाच्या वायफायवर एक फोटो चढेपर्यंत सूर्य मावळून परत उगवतो. आणि तिसरी गोष्ट, वर चढलेली प्रत स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय फोनमधलं अस्सल पुसायचं नाही.

डहाणूत इराणी रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. मी मराठी माणूस, इतिहासात एम.ए., पण डहाणूत ज्याचं दुकान तो भाई, म्हणून मी नविनभाई. इतिहासाचा उपयोग पासपोर्ट फोटो काढताना जितका होतो तितका होतो.

क्रूझला जाणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे दोन प्रकारची. पहिली घोलवडचे चिकूवाडीवाले. हंगाम ओसरला की जोडीनं गोवा-लक्षद्वीप करून येतात आणि सहाशे फोटो आणतात, त्यांतले पाचशे जेवणाचे. दुसऱ्या प्रकारात एकच माणूस, सुकऱ्या. तो त्याच जहाजावर त्यांच्या चादरी धुतो.

सुकऱ्या तलासरीतल्या वेवजीचा. आधी मासेमारीच्या बोटींवर खलाशी होता. तिथं दोर ओढायच्या चरखीत डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर गेलं. मग दमणच्या एका हॉटेलात कपडे धुवायला लागला आणि तिथून जहाजावर. नोव्हेंबरात जहाजावर चढण्याआधी तो बायकोला, बुधीबाईला, घेऊन माझ्याकडे आला. दोघांकडे फोन होते, ईमेल कुणाकडेच नव्हता. अशा वेळी मी खातं उघडून देतो आणि पासवर्ड माझ्या वहीत लिहून ठेवतो. अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड माझ्याकडे आहेत. सुकऱ्यानं जहाजावर काढलेला फोटो आपोआप वर चढेल, मग बुधीबाईच्या फोनवर दिसेल, माझ्या संगणकावरही दिसेल, अशी सोय मी करून दिली.

"वर म्हंजे कुठं?" बुधीबाईनं विचारलं.

"ढगात."

"आन पावसात?"

मी तिचा पासवर्ड वहीत लिहून घेतला.

सोय मात्र चालली. जहाज बंदराला लागलं की फोटो यायचे. चादरींचे डोंगर, लोखंडी कठडे, गोव्याचा किनारा. स्वतःचे तो फार काढायचा नाही. एक होता तो मार्चमधला: कामाचा पांढरा शर्ट, निळी कॉलर, छातीवर नावाची पट्टी, उजव्या हातात फोन धरून डावा हात वर केलेला, निरोप द्यावा तसा. चेहऱ्यावर अर्धंच हसू.

एप्रिलमध्ये बुधीबाई लेकीला, सरिताला, घेऊन दुकानात आली. सरिताचं लग्न ठरलं होतं, मुलगा वेवजीच्याच पलीकडच्या पाड्यातला, सुरज नावाचा. मला वाटलं, फोटोंचं बोलायला आल्या.

"आधी माझं काढायचं," बुधीबाई बोलली. "मग पोरीचं."

"तुमचं काय?"

"लगीन."

त्या पाड्यांत माणसं आधी घर मांडतात, पोरं होतात, शेत पिकतं, आणि लग्न सवडीनं लागतं. सवड कधी कधी वीस वर्षांनी होते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि मलाही वाटायचं कारण नाही. आमच्यात लग्न आधी लागतं आणि पुढची वीस वर्षं सवड होत नाही. पण एक नियम पक्का: आईबापाचं लग्न राहिलं असेल, तर लेकीच्या आधी तेच लागायला हवं. नाहीतर लेकीचं लागत नाही. आणि सुकऱ्याला सुट्टी मिळत नव्हती. हंगाम मेअखेर संपतो, तोपर्यंत कुणी उतरायचं नाही, असं त्याला सांगितलं होतं. सुरजच्या घरचे थांबायला तयार नव्हते.

"नवरा मेलेला असंल तर कोयत्याशी लावतात," बुधीबाई बोलली. "त्याचा कोयता ठेवायचा बाजूला. पन हा तर जिता हाय. जित्याला कोयता लावला तर तो मेलाच ना."

म्हणून व्हिडिओ कॉल ठरला. माणूस तिकडे जहाजावर, बाई इकडे मांडवात, मध्ये मी आणि माझा लॅपटॉप. सोमवारी दुपारी बुधीबाईचं, गुरुवारी सरिताचं.

वेवजी गुजरातच्या इतक्या जवळ आहे की अंगणात फोन महाराष्ट्राचा असतो आणि परसात गेलं की गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज येतो. सोमवारी मी लॅपटॉप घेऊन दोन्ही राज्यांत फिरलो. शेवटी विहिरीजवळच्या ताडाखाली नेटवर्कच्या रेघा उभ्या राहिल्या. मांडव तिथून चाळीस पावलांवर होता. तो मोडून ताडाखाली आणायचा का, यावर थोडी चर्चाही झाली.

भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढलेला होता. लग्न लावणारी बाई, जिला तिकडे धवलेरी म्हणतात, ती म्हणजे जिवली आजी. वय सत्तरच्या पुढे, आवाज तिशीतला. ती गात होती, बायका मागून धरत होत्या, बुधीबाई पाटावर बसली होती आणि शेजारचा पाट मोकळा होता. मी ताडाखाली कॉल लावत होतो. सुकऱ्याचा चेहरा दोनदा आला. पहिल्यांदा नुसते चौकोन आले. दुसऱ्यांदा चेहरा आला, पण गोठलेला, तोंड उघडं. मग काहीच नाही. जहाज कोची सोडून लक्षद्वीपच्या वाटेवर होतं. तासभर मी खटपट केली. सावली सरकली. सुरजकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मी प्रत्येक गोष्टीची दुसरी सोय ठेवणारा माणूस आहे. मार्चमधला तो फोटो मी मोठा करून, छापून, प्लास्टिक चढवून गाडीत ठेवला होता. मांडवात शोभेला लावू, एवढाच विचार. छापताना माझ्या लक्षात आलं होतं की फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं तो आरशातल्यासारखा उलटा काढलाय. छातीवरच्या पट्टीवरची अक्षरं उलटी होती. सरळ करायला दोन क्लिक लागतात. मी केले नाहीत. जेवायची वेळ झाली होती.

मी तो फोटो आणला आणि मोकळ्या पाटावर उभा केला.

जिवली आजीनं गाणं थांबवलं. खाली वाकून तिनं फोटो निरखला.

"हा तोच हाय का त्याचं कायतरी हाय?"

"ही प्रत आहे, आजी," मी म्हणालो. दुकानात दिवसाला दहा वेळा म्हणतो तेच तोंडातून आलं. "अस्सल तिथं, प्रत इथं. अस्सल गेलं तरी प्रत राहते. काळजीचं कारण नाही."

"मंग लगीन कुनाशी लावू?"

बायका बुधीबाईकडे बघायला लागल्या.

"जो हितं हाय त्याच्याशी," बुधीबाई बोलली. "लाव."

"बुधे, हे कुनी केलेलं नाय."

"मंग मी करते. वीस वर्सं पाट मोकळा हाय माझा. आज कुनीतरी बसंल."

जिवली आजीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आंब्याच्या पानानं हळद घेतली आणि फोटोतल्या गालांना लावली. वर केलेल्या हाताला लावली. प्लास्टिकवरून हळद ओघळायला हवी होती. ओघळली नाही. मी फोटो काढत होतो म्हणून मला जवळून दिसलं: टीपकागदानं शाई शोषून घ्यावी तशी ती आत गेली. प्लास्टिक हलक्या प्रतीचं होतं. माझंच होतं, मला माहीत आहे.

तांदूळ पडले. लग्न लागलं. संध्याकाळी आवराआवर करताना तो फोटो कुणालाच सापडला नाही. शेळीनं खाल्ला असेल असं सर्वानुमते ठरलं.

मंगळवारी जहाज कुठल्यातरी बेटाशी थांबलं असावं, कारण सुकऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाजी मेसेज आला. काल दुपारी चादरी घडी करताना कुणीतरी तोंडावरून हात फिरवल्यासारखं वाटलं, म्हणाला. मागं वळून पाहिलं तर कुणी नाही. आणि हजेरीचं मशीन आज चेहरा घेत नाही. तिघांचे घेतले, याचा नाही. साहेब म्हणतात, दाढी कर.

त्याबरोबर आठ फोटोही चढले होते. कठडा, मागे समुद्र. कठडा, मागे बेट. सगळ्यांत चौकटीची मधली जागा रिकामी. माणूस स्वतःचा फोटो काढताना जितक्या उंचीवर फोन धरतो, तितक्याच उंचीवरून काढलेले. मी त्याला कळवलं की निसर्ग छान आलाय.

गुरुवारी सरिताच्या लग्नाला सकाळी दहालाच वेवजीला पोहोचलो. मांडवाजवळ एक माणूस विहिरीवरून कळशी आणून पिंपात रिकामी करत होता. पांढरा शर्ट, निळी कॉलर. शर्टावर पट्टी नव्हती, तिच्या जागी कापड उसवलेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहून अर्धं हसू दिलं.

"अरे! मिळाली का सुट्टी?" मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे सांगता येत नाही. मग परत विहिरीकडे गेला.

मला आनंदच झाला. मी बुधीबाईला म्हणालोही, शेवटी साहेबाला दया आली म्हणायची.

"काल दुपारी आला," ती बोलली. "चालत. हायवेकडून."

"कपडे हेच?"

"वरती हेच. खाली लुंगी होती, घरातलीच. दांडीवरची." तिनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, पुढचं विचारायची हिंमत असेल तर विचार, अशा सुरात. त्या फोटोत सुकऱ्या कमरेपर्यंतच होता, हे मला तेव्हाच आठवलं.

जिवली आजी मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. खांबाला पाठ लावून, त्या माणसाकडे तोंड करून. गाताना तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

मी कॅमेरा लावला आणि त्याचे हात जवळून पाहिले. कळशी तो डाव्या हातानं उचलत होता. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर नव्हतं. डावा हात पूर्ण होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"नविनभाई, सुकऱ्या बोलतोय. सकाळी कोचीला लागलो. पोरीचं लागलं का?"

मागे चादरी धुणाऱ्या यंत्रांची घरघर होती.

"लागतंय," मी म्हणालो.

"बुधी फोन नाय उचलत. तीन दिस झाले. आन हितं काय चाललंय कळत नाय मला. माझं कार्ड लावलं की मशीन सांगतं, हा माणूस सोमवारीच उतरला. सोमवारी तर आमी पान्यात होतो, भाई. उतरून जानार कुठं?"

समोर पिंपात पाणी पडत होतं.

"नविनभाई, त्यो माझा फोटो हाय ना तुमच्याकडं, हात वर केलेला? तो पुसा. जिवलीआजीनं निरोप धाडला एका पोराच्या फोनवरून. फोटो पुसा, एवढाच."

माझ्या हातातला फोन बुधीबाईनं काढून घेतला. ती कधी येऊन उभी राहिली, मला समजलं नाही.

"कोन?"

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं, कारण मांडवात कुणीच बोलत नव्हतं. "बुधी, मी सुकऱ्या."

"असशील. नाय असं कोन बोलतंय?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "पोरीला ताप आला तवा तू फोनवर होतास. माझी आई मेली तवा फोनवर. कुडाची भिंत पडली, तवा बोललास फोटो धाड. आता लगीन होतं, तर तुझं तोंड अर्धं आलं आन तिथंच थांबलं."

"मला सुट्टी नाय दिली गं."

"याला पन नाय दिली," ती बोलली. "तरी आला."

तिनं फोन बंद केला आणि माझ्या हातात दिला.

"बुधीबाई," मी म्हणालो, "तो फोनवरचा माणूस खरा आहे. हा..."

"हा काय? तुमीच बोललात ना, अस्सल गेलं तरी प्रत राहते? मग राहू दे." ती एक पाऊल पुढे आली. "फोटो पुसायचा नाय, नविनभाई. पुसून बघा. अख्खा पाडा घेऊन तुमच्या दुकानाच्या दारात बसेन. वाढवनला बंदराच्या विरोधात बसतात तशी. हलवून दाखवा मंग."

मी दुसऱ्या टोकाला पाहिलं. जिवली आजीनं मान हलवली. "मी लावलं ते लागलं," ती बोलली. "मला सोडवता येत नाय."

सरिताचं लग्न लागलं. आईबाप दोघं तिच्यामागे उभे होते. मी दोनशे दहा फोटो काढले, आणि तो सगळ्यांत आहे. अगदी स्पष्ट आहे. माझ्या हातून इतके स्पष्ट फोटो सहसा निघत नाहीत.

दुकानात येऊन मी खातं उघडलं. मार्चचा फोटो समोर आणला. पुसायचं बटण कुठं असतं हे तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बोट त्यावर ठेवलं. अस्सल पुसू नये, हा माझा नियम. त्या दोघांतलं अस्सल कुठलं, ते आता मला सांगता येत नव्हतं. शिवाय कुणीतरी जहाजावरून सांगतं, कुणी मांडवातून सांगतं, म्हणून मी माणसं पुसत बसणार नाही. मी फोटोवाला आहे. मी संगणक बंद केला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला, सुकऱ्या दुकानात आला.

डाव्या हाताला पेर नव्हतं. ते मी आधी पाहिलं, मग चेहरा.

प्रवाशांच्या गर्दीत उतरलो, म्हणाला. मशीननं लाल दिवा लावला, पण पहारेकरी कंटाळला होता. जो आधीच उतरलाय त्याला अडवायचं कशाला.

"घरी जाऊन आलास?"

"गेलतो. कुंपणाबाहेर उभा राहिलो. तो बैल बांधत होता." मग म्हणाला, "चांगला बांधत होता."

मी चहा मागवला. चहावाल्यानं एकच आणला. दुसरा मला जाऊन आणावा लागला.

"फोटो काढा," तो म्हणाला. "पासपोर्टचा. सगळे कागद नवे काढतो. मी हाय ना, मग कागद निघतील. नाय कसे निघणार?"

मी त्याला स्टुलावर बसवलं, मागे पांढरा पडदा सोडला, दिवे लावले. हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली. त्यानं घेतली. मी फोटो काढला.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पांढरा पडदा आला. खाली स्टुलाची कड.

लेन्स बदलून काढला. पांढरा पडदा.

फोनवर काढला. पांढरा पडदा.

"आला का?" त्यानं विचारलं.

तो माझ्यासमोर चार फुटांवर बसला होता. कपाळावर घाम होता. दिव्याच्या उजेडात तो मला दिसत होता. कॅमेऱ्याचं ऐकायचं की डोळ्याचं, हे मी तीस वर्षं कॅमेऱ्याच्या बाजूनं ठरवत आलोय. त्या दिवशी मला राग आला.

"आला," मी म्हणालो.

आठ प्रती छापल्या. नीट कापल्या. आठ पांढरे चौकोन. प्रत्येकाच्या मागे लिहिलं: हा फोटो सुकऱ्या, राहणार वेवजी, यांचा असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो. सही केली, दुकानाचा शिक्का मारला. कुठल्या कचेरीत कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठव, म्हणालो. मी येऊन भांडतो.

त्यानं सात खिशात ठेवले. एक काउंटरवर ठेवला.

"हा बुधीला द्या."

तो इराणी रोडनं स्टेशनकडे गेला. समोरून येणाऱ्या माणसांना बाजू देत देत. त्याला कुणी बाजू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेवजीला गेलो. बुधीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मागे तो दुसरा कुडाला शेण लावत होता, डाव्या हातानं. मी तो चौकोन पुढे केला.

"घरात एकच मानूस मावतो," ती बोलली. "सांगा त्याला. मी बदलनार नाय."

"मी नुसता द्यायला आलोय."

तिनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. तो पांढरा कागद उन्हात धरला, जवळून पाहिला, मग लांबून पाहिला.

"बारीक झालाय," ती बोलली.